सरड्याचे जोर

फार मागे, प्राणीही तालमीत घुमत असत तेव्हाची गोष्ट. उबदार दगड कुणाचा, यासाठी टिकोजी सरड्याची खेकड्याशी कुस्ती ठरली. झालं! पठ्ठ्या दिवसरात्र जोर काढू लागला. ना किडा खाई, ना डोळा मिटे. शेवटी त्याला स्वतःची शेपूटही उचलेना.

"मावशी, माझी ताकद गेली कुठं?" तालमीची वस्ताद घोरपड, तिच्यापुढे तो रडला.

"अरे खुळ्या, मेहनतीनं अंग मोडतं. ते पुन्हा मजबूत होतं खाऊन अन् झोपून. जा, झोप!"

टिकोजी पोटभर मुंग्या खाऊन झोपला. मग दिवसाआड जोर आणि रोज गाढ झोप. कुस्तीत त्यानं खेकड्याला उताणंच पाडलं.

"कुठला डाव रे हा?" खेकड्यानं आठही पाय हलवत विचारलं.

"घोरण्याचा," म्हणत टिकोजी दगडावर पसरला.