शिदूने यंत्र राखलं

एका डोंगरी गावात पंचायतीचा एक भोळा शिपाई होता. शिदू त्याचं नाव. सांगितलेलं काम तो जीव ओतून करी. ते कशासाठी सांगितलं, हे मात्र विचारत नसे.

गाव आणि तालुका यांच्या मधे दरी. तार नेणं जमेना, म्हणून पंचायतीच्या गच्चीवर एक यंत्र बसवलं आणि पलीकडच्या टेकडीवर दुसरं. या यंत्रातला उजेड त्या यंत्रात जाई, आणि त्याच्याबरोबर बोलणं जाई, चित्र जाई. उद्घाटनाचा नारळ सरपंच अप्पांनी फोडला. फोडाफोडीत अप्पा पुढेच. दरीत त्यांचा खडीचा क्रशर होता. तो सुरू झाला की धुळीचा लोट उठे, उजेड अडे, बोलणं तुटे.

त्याच धुळीने शिदूच्या आईला, ठकूबाईला, खोकला जडला. तिने क्रशरविरुद्ध तक्रार केली. सुनावणी यंत्रावरूनच व्हायची. दोनदा तारीख लागली, दोनदा धुळीने उजेड अडला. तालुक्याच्या साहेबांनी दोनदा लिहिलं, "तक्रारदार गैरहजर." तिसऱ्यांदा तसंच झालं तर तक्रार कायमची बंद.

इंजिनीयर आले. म्हणाले, "शिदू, धूळ दिसली की पुसायची."

"पुसतो, साहेब."

दुसऱ्या दिवशी धूळ हवेत दिसली. शिदू गच्चीवर उभा राहून दिवसभर हवा पुसत बसला.

"अरे, धूळ यंत्राच्या काचेवरची पुसायची! हवेतल्या धुळीवर पाणी मारायचं, म्हणजे ती खाली बसते."

"मारतो, साहेब."

मग धूळ काचेवर दिसली. शिदूने दोन बादल्या यंत्रावर ओतल्या. इंजिनीयरांना ते दोन दिवस उन्हात वाळवावं लागलं.

"अरे, यंत्राला ओल चालत नाही! ओलं दिसलं की झाकायचं."

"झाकतो, साहेब."

सकाळी यंत्रावर दव दिसलं. शिदूने घरची गोधडी आणून यंत्र असं गुंडाळलं की उजेड आतल्या आत राहिला.

इंजिनीयरांनी कपाळावर हात मारला. "अरे बाबा, यंत्रासमोर काही म्हणजे काही येऊ द्यायचं नाही! येईल ते हटवायचं."

"हटवतो, साहेब."

सुनावणीचा दिवस उजाडला. अप्पांनी त्या दिवशी क्रशर मुद्दाम बंद ठेवला. "बघू दे साहेबांना, कुठंय धूळ ते!" हवा लख्ख, उजेड आरपार. साहेब पडद्यावर हजर.

पण ठकूबाईही कच्ची नव्हती. घराच्या पत्र्यावरची धूळ झाडून तिने परात भरून आणली होती. गच्चीखालीच, पंचायतीत, यंत्राच्या कॅमेऱ्यासमोर ती बसली. मागे गावच्या वीस बाया.

साहेब म्हणाले, "बोला आजी, कुठं आहे धूळ?"

"ही बघा साहेब, एका दिवसाची!" ठकूबाईने परात उचलली.

शिदूला धूळ दिसली. त्याने परात हिसकावली आणि खसाखसा पुसली.

धूळ हवेत उडाली. शिदूने पाणी मारलं.

आई ओलीचिंब झाली. शिदूने तिला गोधडीत गुंडाळलं.

तेवढ्यात त्याच्या ध्यानात आलं, की हे सगळे यंत्रासमोरच आहेत. "हटा, हटा!" त्याने आईला गोधडीसकट उचलून अंगणात ठेवलं, बायांना बाहेर काढलं आणि दाराला कडी घातली.

पडद्यावर साहेबांना एक कोरी भिंत आणि एक चकचकीत परात दिसली. त्यांनी लिहिलं, "धूळ आढळली नाही. तक्रारदार गैरहजर. तक्रार बंद."

अप्पांनी स्वतःच्या हाताने शिदूला हार घातला आणि क्रशर सुरू करायला निरोप धाडला.

गोधडीत ठकूबाई खोकत होती. शिदू धावत तिच्याकडे गेला आणि छाती फुगवून म्हणाला, "आई, आज बोलणं एकदासुद्धा तुटलं नाही बघ!"