सुतारपक्ष्याचा ठेका

जंगलातही कॉम्प्युटर पोचला होता, त्या काळातली ही गोष्ट. तिथला सुतारपक्षी खोडावर चोचीने असा ठेका धरायचा, की झोपलेलं अस्वलही उठून नाचू लागायचं. पण एका वादळात फांदी कोसळली आणि त्याची चोच मोडली. त्याने वाजवणं सोडलं, मग बोलणंही सोडलं.

त्याची मैत्रीण साळिंदर गप्प बसणारी नव्हती. तिने हत्तीच्या पावलाचा दणका, सशाची थाप आणि आपल्या काट्यांची सळसळ रेकॉर्ड केली. कॉम्प्युटरमध्ये त्यांचं ड्रमकिट तयार केलं. एकेका बटणात एकेक आवाज.

"आता पायाने वाजव," ती म्हणाली.

"उसन्या आवाजांवर मी कसला वादक?"

"वाजवून तर बघ, गड्या!"

त्याने भीत भीत नख टेकवलं. दण्ण! मग दुसरं बटण, तिसरं. दोनदा चुकला, पुन्हा सुरू केलं. हळूहळू पाय मोकळे झाले आणि ठेका धावू लागला. माकडं फांद्या सोडून खाली नाचायला आली. हत्तीही आला आणि ऐकताऐकता थबकला.

"अरे, हे तर माझंच पाऊल!" तो थक्क होऊन म्हणाला. "पण इतक्या डौलात चालणं मला उभ्या जन्मात जमलं नाही रे बाबा."