भाऊसाहेबांचा ईमेल

मुलाखतींआधीच ठरलेली शिक्षकांची यादी आमच्या पेपरात छापून आली आणि शिक्षणसंस्थेचे चेअरमन भाऊसाहेब रणनवरे पिसाळले. यादी खोटी आहे, असं मात्र ते एकदाही म्हणाले नाहीत. ‘माझा ईमेल कुणीतरी चोरून उघडला आणि यादी फोडली,’ अशी तक्रार त्यांनी पोलिसांना ईमेलनेच धाडली. संशय आला संस्थेच्याच लिपिक सुमित्रा ढगे यांच्यावर. आता नोकरी तर जाणारच, वर तुरुंगाची भीती.

पोलीस ठाण्यात भाऊसाहेब गरजले, “माझ्या ईमेलला हात लावायची परवानगी कुणालाही नाही. लिहून घ्या!” इन्स्पेक्टरांनी लिहून घेतलं. भाऊसाहेबांनी झोकात सही ठोकली.

चौकशीला बोलावलेल्या सुमित्राबाई इन्स्पेक्टरांना म्हणाल्या, “साहेब, मग आणखी एक गुन्हा नोंदवा. ही तक्रारसुद्धा त्याच ईमेलवरून मीच पाठवलीय. भाऊसाहेब सांगतात, मी टाइप करते. बारा वर्षं हेच चाललंय. मला परवानगी नसेल, तर ही तक्रारही बेकायदा. असेल, तर माझा गुन्हा कोणता?”

इन्स्पेक्टरांनी संगणक भाऊसाहेबांपुढे सरकवला. “जरा तुमचा ईमेल उघडून दाखवा.”

भाऊसाहेब कीबोर्डकडे बघत राहिले. मग सवयीने त्यांच्या तोंडून निघालंच, “ढगेबाई, जरा इकडं या!”

“येते की,” बाई म्हणाल्या, “आधी परवानगी लिहून द्या.”