अर्धं घरटं

फार जुनी गोष्ट. नदीच्या पुरात सशांची बिळं वाहून गेली. जमीन इतकी भिजली होती की नवी बिळंही ढासळू लागली, आणि थंडी तर तोंडावर आलेली. रानाचा कारभारी हत्ती म्हणाला, "जागा मी देतो." सुगरण पक्षी म्हणाला, "बांधकाम माझं."

पक्ष्याने खपून हत्तीने दाखवलेल्या नदीकाठच्या बाभळीला सुरेख घरटी टांगली. हत्तीने सशांना थाटात बोलावलं. सशीण पोरांना घेऊन आली आणि मान वर करून बघतच राहिली.

"कारभारी, चढायचं कसं?"

हत्ती पक्ष्यावर उखडला. "सशाला कुणी टांगतं का?"

"आणि सशाला बाभळीवर जागा कुणी देतं का?" पक्षी फणकारला.

पोरं कुडकुडत होती. सशीण म्हणाली, "भांडण मग करा. सुगरणभाऊ, तुम्ही स्वतःचं घरटं कसं बांधता?"

"अर्धं बांधून थांबतो. आमची ही येऊन बघते. तिला आवडलं तरच पुरं करतो."

"मग आम्हाला का नाही दाखवलंत?"

दोघेही भांडण सोडून कामाला लागले.

हत्तीने उंचवट्यावरची कोरडी जागा साफ करून लाकडं रोवली. पक्ष्याने गवताच्या भिंती अर्ध्यापर्यंत विणल्या आणि तो थांबला. सशीण आत शिरून गोल फिरली. "दार उगवतीला हवं. सकाळचं ऊन येईल."

हत्तीचे कान ताठ झाले. पण मग त्याने मुकाट्याने एक लाकूड उपटलं आणि उगवतीची बाजू मोकळी केली.

"आता पुरं करू?" पक्ष्याने विचारलं.

उत्तर द्यायला सशीण तिथे नव्हतीच. ती बाभळीखाली थांबलेल्या पोरांना आणायला पळाली होती.