सामाची चूल

पूर्वी चंपावती नगरात राजा महीसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा अमात्य होता. एका वर्षी भर पावसाळ्यात मोठे वादळ झाले, नदीला पूर आला आणि कुंभारवस्तीतल्या घरांची छपरे वाहून गेली. राजाने लोकांना मदत द्यायला सांगितले. पण मागच्या पुराच्या वेळी ज्यांचे अंगणही भिजले नव्हते तेसुद्धा धान्य घेऊन गेले होते. तेव्हा खरा पूरग्रस्त ओळखावा कसा, असा प्रश्न पडला.

बोधिसत्त्वाला एक युक्ती सुचली. ज्याच्या घरी चूल पेटते त्याचे ठीक चालले आहे. ज्याची चूल थंड, त्याला धान्य, बांबू आणि गवत द्यावे, असा नियम त्याने केला. राजा इतका खूश झाला की अमात्याला एक गाव इनाम द्यायचे त्याने ठरवले.

पाहणीला तिष्य नावाचा अधिकारी गेला. माणूस वाईट नव्हता, पण नियमाच्या बाहेरचे त्याला काही दिसत नसे. घरोघर जाऊन तो चुलीतल्या राखेवर हात ठेवी आणि निर्णय देई.

आठ दिवसांनी बोधिसत्त्व साध्या वेषात एकटाच वस्तीत गेला. आठ घरांवर नवी छपरे चढली होती. नववे घर मात्र उघडेच होते. ते सामा नावाच्या म्हातारीचे. आत तिचा नवरा तापाने फणफणला होता आणि उन्हाची तिरीप लागू नये म्हणून ती त्याच्या तोंडावर सूप धरून बसली होती. पश्चिमेला आभाळ पुन्हा भरून येत होते.

बोधिसत्त्वाने म्हातारीकडे चौकशी केली, तेव्हा सारी हकीकत कळली. पाणी ओसरताच सामाने पुराच्याच गाळाची चूल घातली होती आणि ओली लाकडे फुंकून नवऱ्यासाठी पेज शिजवली होती. शेजारच्या आठ घरांनी पाहणी होईपर्यंत आपापल्या चुली थंड ठेवल्या आणि पोराबाळांना घेऊन ती माणसे तिच्याच दारात जेवायला बसली. तिने कोणाला नाही म्हटले नाही; पेज पातळ होत गेली, एवढेच. तिष्य आला तेव्हा आठ घरांतली राख गार होती. सगळ्यांना जेवू घालणारे घर तेवढे सुखी ठरले. शेजाऱ्यांना लाज वाटत होती, पण खरे सांगितले तर आपले छप्पर उतरवतील, अशी भीतीही होती.

"आजी, चार दिवस चूल विझवून ठेवली असती तर तुम्हालाही छप्पर मिळाले असते," बोधिसत्त्व म्हणाला.

"मिळाले असते, बाबा. पण त्याच्याखाली निजवले कोणाला असते?" म्हातारी म्हणाली. "हा नियम ज्याने केला, त्याने कधी चूल फुंकलेली नसणार."

बोधिसत्त्वाला शरम वाटली. नियम आपलाच आहे, असे त्याने तिला तिथेच सांगितले आणि तो तडक राजाकडे गेला. नियम चुकला आहे, तो बदलावा आणि इनामाचे गाव मला नको, असे त्याने सांगितले. राजाला ते रुचले नाही. अमात्यच आपला नियम मोडू लागला तर लोक काय म्हणतील, असे त्याने विचारले.

"लोक म्हणायचे ते म्हणतील, महाराज. पण त्याआधी पाऊस येईल."

राजाने मान डोलावली. पुराच्या पाण्याने भिंतींवर आपली रेघ ठेवली होती. ज्या घराच्या भिंतीवर ती रेघ असेल त्याला मदत मिळावी, चूल पेटलेली असो वा नसो, आणि दिलेले कोणाकडूनही परत घेऊ नये, असा नवा नियम झाला. त्याच दुपारी सामाच्या घरी बांबू पोहोचले. आठही घरची माणसे न बोलावता धावून आली. बोधिसत्त्व स्वतः आढे धरून उभा राहिला. शेवटची गाठ बसते न बसते तोच पाऊस सुरू झाला. सामाने वर पाहिले आणि हातातले सूप खाली ठेवले.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, जेतवन विहारात एका भिक्षूसाठी सांगितली. औषधे वाटण्याचे काम त्याच्याकडे होते आणि जो आजारी कसाबसा उठून बसे, त्याला तो 'तुम्ही बरे दिसता' म्हणून वगळत असे. शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा राजा म्हणजे आताचा भिक्षू आनंद, सामा म्हणजे भिक्षुणी उत्पलवर्णा आणि राखेवर हात ठेवणारा तिष्य म्हणजे हा भिक्षू. चुकीचा नियम करणारा अमात्य मीच होतो. आपली चूक आपल्या तोंडाने सांगणे, हीच त्या जन्मातली माझी सत्यपारमिता, सत्याची साधना."

औषधाची झोळी घेऊन तो भिक्षू उठला आणि उठून बसलेल्या आजाऱ्यांकडे आधी गेला.