कॅप्टनची शिफारस

“पण सर, चार ओळी लिहायला अडचण काय आहे?”

शलाका घोरपडेनं हे तिसऱ्यांदा विचारलं. कॅप्टन रांगणेकर आपले शेंगा सोलत बसले होते. विमान कंपनीत बावीस वर्षं काढलेला माणूस, सुट्टी मिळाली की खानदेशातल्या या फ्लाइंग क्लबात येऊन पोरांना शिकवायचा. शलाकाही त्यांच्याच हाताखाली उडायला शिकली होती.

त्यांच्या कंपनीत वैमानिकांची भरती निघाली होती. आतल्या कॅप्टननं शिफारस केली तर अर्ज वर जायचा, नाहीतर ढिगात. आणि एका कॅप्टनला वर्षाला एकच नाव देता यायचं. मुदत आज संध्याकाळी सहापर्यंत.

दोन वर्षं शलाकाचे अर्ज ढिगातच गेले होते. आज रिकाम्या हातानं परतायचं नाही, असं ठरवूनच ती आली होती.

“काय लिहू?”

“परीक्षेत पहिली आले. अडीचशे तासांचं उड्डाण आहे. एकही लँडिंग चुकलेलं नाही.”

“ते तुझ्या अर्जात आहेच की. मी वेगळं काय लिहू?”

“लिहा, मुलगी चांगली आहे.”

“चांगल्या पुष्कळ असतात गं...”

शलाकाला राग आला. खरं सांगायचं तर रडूच येत होतं, पण तिनं ते गिळलं.

रांगणेकर टरफलं झटकत उठले. “चल, एक चक्कर मारून येऊ.”

बाहेर क्लबाचं छोटं विमान उभं होतं. शलाका उड्डाणाआधीच्या नियमाप्रमाणे त्याच्याभोवती फिरून एकेक भाग तपासू लागली. पंखातल्या इंधनाच्या टाकीशी पोचली तसे ते म्हणाले, “टाक्या भरलेल्या आहेत. मी आत्ताच पाहिल्यात. बस.”

शलाका थबकली. ज्यांच्यापुढे आपण हात पसरायला आलो, त्यांच्यावरच अविश्वास दाखवायचा? तोही आज? एवढ्यातेवढ्यावरून हा माणूस आठ-आठ दिवस अबोला धरतो, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

“बस म्हटलं ना. माझ्यावर भरवसा नाही?”

“आहे सर...”

असं म्हणत तिनं स्टूल ओढलं आणि वर चढली. झाकण उघडलं, मापाची काठी आत बुडवली, बाहेर काढून पाहिली. मग दुसऱ्या पंखाकडे गेली.

दोन्ही टाक्या काठोकाठ भरलेल्या होत्या.

ती खाली उतरली तेव्हा तिचे कान तापले होते. गेली शिफारस, तिनं मनाशी म्हटलं. पण पुन्हा वेळ आली असती तरी ती चढलीच असती.

रांगणेकरांनी खिशातून मोबाइल काढला.

मग तो तिच्या हातात दिला. “कंपनीचा शिफारशीचा फॉर्म उघड. चष्मा आत राहिलाय. मी सांगतो, तू लिही.”

तिनं फॉर्म उघडला.

“मी सांगूनही हिनं टाकी उघडून पाहिली.”

शलाकानं लिहिलं. वाट पाहिली.

“पुढे, सर?”

“पुढे काही नाही. खाली माझं नाव घाल.”