सात रंगांचा कीबोर्ड

संगणकांना बोलता येत नव्हतं, पण कीबोर्डांना येत होतं, त्या काळची ही गोष्ट. एका दुकानाच्या फळीवर तीन कीबोर्ड शेजारी शेजारी राहत. एकाच्या बटणांखाली सात रंगांचे दिवे होते. दुसरा सगळ्यांत स्वस्त होता. तिसरा साधा, काळा. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नव्हतं आणि तोही काही सांगत नसे.

एकदा कोर्टाबाहेर अर्ज टाइप करून देणाऱ्या प्रमिलाबाई रेडकर दुकानात आल्या.

"आज कोण जाणार, हे सांगायलाच नको," दिव्यांचा कीबोर्ड म्हणाला.

"बायका आधी किंमत बघतात," स्वस्त कीबोर्ड खुसखुसला.

बाईंनी पिशवीतून एक जुना अर्ज काढून समोर ठेवला. दुकानदार एकेक कीबोर्ड संगणकाला जोडत गेला आणि बाई तोच अर्ज टाइप करत गेल्या. नजर कागदावर, बोटं बटणांवर. स्वस्ताचं 'र' तिसऱ्याच ओळीत अडकलं. उरलेल्या दोघांवर बोटं सारखीच भरभर चालली.

"मग या एकाची किंमत दुप्पट कशी?" बाईंनी विचारलं.

"त्याला दिवे आहेत ना, बाई!"

"कुठले दिवे?"

बाईंनी काळा कीबोर्ड घेतला.

"अरे, त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही!" दिव्यांचा कीबोर्ड रडवेला होऊन म्हणाला.

"माझ्याकडे तरी कुठे पाहिलं?" पिशवीतून काळा म्हणाला. "म्हणून तर घेतलं."